३५ अंशांच्या समुद्रात टिकून राहिलेली प्रवाळं: इराणच्या आखातातल्या एका शैवालाचं प्रकरण

अबू धाबीच्या सादियात बेटासमोर ऑगस्टमध्ये पाण्यात उतरलं तर गारवा असा लागतच नाही. पाण्याचं तापमान ३४-३५ अंश सेल्सिअस असतं, आपल्या अंगाच्या तापमानाच्या जवळपास. आणि याच पाण्यात, थोड्याशा मीटरांच्या खोलीवर, प्रवाळं जिवंत असतात. मेंदूसारख्या वळ्यावळ्यांची प्लॅटिगायरा, घुमटासारखी वाढणारी पोराइट्स. नोकरीनिमित्त आखातात राहणाऱ्या असंख्य मराठी कुटुंबांनी हा किनारा पाहिलेला असतो. पाण्याखाली जगातल्या सर्वांत गरम समुद्रातली प्रवाळवस्ती आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं.

नवल वाटायचं कारण असं की बहुतेक प्रवाळांना उष्णता सोसायची मुभा फारच कमी असते. आपल्या नेहमीच्या उन्हाळ्यातल्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखाद्या अंशाने जास्त तापलं आणि तसंच काही आठवडे राहिलं, की ती पांढरी पडायला लागतात. जगातल्या बऱ्याच प्रवाळखडकांवर ३० ते ३२ अंशांच्या दरम्यान ही वेळ येते. आखातातल्या प्रवाळांची हीच मर्यादा ३५ अंशांच्या आसपास आहे. जाती पुष्कळशा त्याच. ओमानच्या किनाऱ्यावर किंवा हिंदी महासागरात वाढलेलं त्याच जातीचं पोवळं इथल्या उन्हाळ्यात मरून जाईल, आणि इथलं मात्र सप्टेंबर उलटला की पुन्हा वाढीला लागतं. हे कसं जमतं, याचा शोध गेल्या काही वर्षांत बराच पुढे गेला आहे. उत्तराचा मोठा भाग प्रवाळाच्या पेशीत राहणाऱ्या एका शैवालापाशी सापडला, आणि ते उत्तर सुरुवातीला वाटलं होतं तितकं सोयीचं निघालं नाही.

जागा

इराणचं आखात उथळ आहे, सरासरी खोली जेमतेम ३५ मीटर. पाऊस नाममात्र, बाष्पीभवन प्रचंड, आणि बाहेरच्या समुद्राशी संबंध फक्त होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून. त्यामुळे पाणी तापतंही लवकर आणि खारटही होतं. खुल्या महासागराच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. आखाताच्या दक्षिण भागात ते ४० ग्रॅमच्या वर, ठिकठिकाणी ४२ ते ४४ पर्यंत जातात. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे कोरडे वारे हेच उथळ पाणी २० अंशांच्या खाली नेतात. म्हणजे वर्षभरात १५ अंशांहून जास्त फरक. प्रवाळासारख्या एका जागी रुतून बसलेल्या प्राण्याला यातून सुटका नाही. इथे प्रवाळांच्या जातीही म्हणूनच कमी, साठेक. आग्नेय आशियाच्या समुद्रांत त्या सहाशेच्या आसपास भरतात.

यात आणखी एक गोष्ट आहे आणि मला तरी ती या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची वाटते. हा समुद्र वयाने लहान आहे. शेवटच्या हिमयुगात जगभर समुद्राची पातळी सव्वाशे मीटरच्या आसपास खाली होती, तेव्हा आखाताचा तळ कोरडा होता. हिम वितळू लागल्यावर होर्मुझमधून पाणी आत शिरलं आणि किनारा आजच्या जागी यायला सुमारे ६,००० वर्षांपूर्वीचा काळ उजाडला. त्यानंतर हवामान आजच्यासारखं रखरखीत झालं. म्हणजे इथल्या प्रवाळांना ही उष्णता अंगवळणी पडायला सहा हजार वर्षांहून कमी अवधी मिळाला. उत्क्रांतीच्या हिशेबात हा काळ अगदीच थोडा.

बिऱ्हाडकरू

प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या एकेका पॉलिपच्या, म्हणजे वस्तीतल्या एकेका छोट्या जिवाच्या, आतल्या थरातल्या पेशींमध्ये डायनोफ्लॅजेलेट गटातली एकपेशीय शैवालं राहतात. एक पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी. प्रवाळाच्या एका चौरस सेंटीमीटर पृष्ठभागात त्या दहा लाखांच्या घरात भरू शकतात. प्रवाळाचा तपकिरी-हिरवट रंग बहुतांशी यांचाच. हा बिऱ्हाडकरू भाडं भरपूर देतो. उन्हावर साखर आणि ग्लिसरॉलसारखे पदार्थ तयार करून त्यातला मोठा हिस्सा तो घरमालकाच्या हवाली करतो. प्रवाळाच्या ऊर्जेच्या गरजेपैकी ९० टक्क्यांपर्यंत भाग असा भागू शकतो. बदल्यात शैवालाला आसरा मिळतो, प्राण्याच्या श्वसनातला कार्बन डायऑक्साइड मिळतो, नत्र मिळतं. पोषकद्रव्यं जवळजवळ नसलेल्या स्वच्छ निळ्या पाण्यात एवढे मोठे खडक उभे राहतात ते या व्यवहारावर.

पाणी फार तापलं की हा व्यवहार मोडतो. शैवालातली प्रकाश पकडणारी यंत्रणा बिघडते, पण ऊन थांबत नाही. अडून राहिलेल्या ऊर्जेतून ऑक्सिजनची घातक, पेशी जाळणारी रूपं तयार होतात. त्यातून दोघांच्याही पेशींना इजा होते आणि शेवटी शैवालं बाहेर टाकली जातात. उरलेला पॉलिप पारदर्शक असतो, त्यातून खालचा चुन्याचा पांढरा सांगाडा दिसतो. यालाच विरंजन म्हणतात. पांढरं पडलेलं पोवळं लगेच मेलेलं नसतं. ते उपाशी असतं. पाणी वेळेत निवलं तर शैवालं पुन्हा वाढतात. नाही निवलं तर काही आठवड्यांत सांगाड्यावर दुसऱ्याच शेवाळाची बुरशीसारखी साय चढते आणि खेळ संपतो.

प्रवाळात कोणत्या जातीचं शैवाल राहतं यावर उष्णता सोसायची ताकद काही प्रमाणात ठरते, हे आधीपासून माहीत होतं. ही शैवालं दिसायला जवळपास सारखी, म्हणून त्यांचे वंश जनुकांवरून ओळखून त्यांना ए, बी, सी, डी अशी नावं दिली गेली होती. त्यातला डी हा उष्णता सोसणारा म्हणून प्रसिद्ध. ग्रेट बॅरियर रीफवर डी वंशाचं शैवाल घेतलेल्या प्रवाळांना एक ते दीड अंश जास्त सोसतं असं दिसलं होतं; मात्र त्यांची वाढ मंदावते, कारण हे शैवाल मालकाला कमी खाऊ घालतं. सगळ्यांत गरम समुद्रात अर्थातच हाच वंश सगळीकडे असणार, अशी अपेक्षा होती, आणि आखाताच्या काही भागांत तो सापडलाही होता.

शैवालाची ओळख पटते

इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठाची योर्ग वीडेनमान यांची प्रवाळ प्रयोगशाळा आणि न्यूयॉर्क विद्यापीठाच्या अबू धाबी शाखेतले जॉन बर्ट यांनी मिळून अबू धाबीच्या प्रवाळांमधली शैवालं तपासली, तेव्हा बहुतेक ठिकाणी डी नाही, तर सी वंश मिळाला. तोही सी-३ म्हणून ओळखला जाणारा, जगभर पसरलेला प्रकार. त्या प्रकारात उष्णतेचं विशेष कौतुक करावं असं काही नव्हतं.

इथे त्यांनी वरवरच्या ओळखीवर समाधान मानलं नाही, याचं मला फार मोल वाटतं. नेहमीच्या तपासणीत जनुकद्रव्याचा एक ठरावीक तुकडा वाचतात. तो तुकडा नीट पाहिल्यावर आखाती शैवालात आठ अक्षरांचा एक भाग दोनदा आलेला दिसला. मग त्यांनी हरितलवकातल्या, जास्त झपाट्याने बदलणाऱ्या एका भागाचं वाचन केलं. त्यात हे शैवाल इतर सी-३ पासून स्पष्ट वेगळं उठून दिसलं. २०१५ साली बेंजामिन ह्यूम आणि सहकाऱ्यांनी त्याला नवी जात म्हणून जाहीर केलं: सिम्बायोडिनियम थर्मोफिलम. पुढे २०१८ मध्ये या सगळ्या कुळाची फेरमांडणी झाली आणि सी वंश क्लॅडोकोपियम या प्रजातीत गेला, म्हणून आता ते क्लॅडोकोपियम थर्मोफिलम. अबू धाबीच्या प्रमुख प्रवाळांमध्ये ते बारा महिने ठाण मांडून असतं. उन्हाळ्यापुरता बदली गडी म्हणून ते येत नाही.

त्यानंतरचा प्रश्न त्याहून अवघड होता. सहा हजार वर्षांत ही नवी जात तयार झाली, की ती आधीपासून कुठेतरी होती?

यासाठी आखात, ओमानचं आखात आणि तांबडा समुद्र असा ५,००० किलोमीटरहून लांबीचा किनारा पालथा घातला गेला. २०१६ मध्ये आलेलं उत्तर असं: थर्मोफिलम हे शैवालांच्या एका जुन्या, अतिशय वैविध्यपूर्ण गटातलं आहे, आणि त्या गटातली भावंडं आखाताबाहेरही आहेत. फक्त ती तिथे इतकी विरळ असतात की नेहमीच्या पाहणीत डोळ्यांत भरत नाहीत. बाहेरच्या सौम्य पाण्यात त्यांना कुणी विचारत नव्हतं. आखात पाण्याने भरलं, तापलं, खारट झालं, तेव्हा इतर शैवालं मागे पडली आणि या कोपऱ्यातल्या गटाचं फावलं. म्हणजे प्रवाळांनी सहा हजार वर्षांत जे साधलं ते शून्यातून घडवलेलं नव्हतं. जवळ आधीच असलेली, पण तोवर फारशी उपयोगी न पडलेली शिल्लक त्या वेळी कामी आली.

हे वाचल्यावर आपण समुद्री जीवांची मोजदाद ज्या पद्धतीने करतो तिच्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. जे विपुल आहे ते महत्त्वाचं आणि जे टक्क्याच्या अंशात आहे ते सोडून द्यायचं, ही सवय इथे सरळ चुकीची ठरते. २०१६ च्या शोधनिबंधाचे लेखकही आग्रहाने हेच म्हणतात, की ताण सोसू शकणाऱ्या जनुकप्रकारांचा साठा जेवढा मोठा राखता येईल तेवढा राखायला हवा.

मिठाची अट

इतकं कळल्यावर कुणाच्याही मनात येणारा विचार म्हणजे हे शैवाल उचलून दुसरीकडे का नेऊ नये? लक्षद्वीपला, ग्रेट बॅरियर रीफला, कॅरिबियनला. बातम्यांमध्येही हा सूर पुष्कळदा ऐकू येतो.

सेसिलिया डी’अँजेलो आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्येच याची परीक्षा घेतली होती. आखातातल्या पोराइट्स प्रवाळांना त्यांनी बाहेरच्या महासागराइतक्या कमी क्षारतेच्या पाण्यात ठेवलं आणि मग तापमान वाढवलं. उष्णता सोसायची ती ख्यातकीर्त ताकद गायब झाली. खारट पाण्यात जे तगत होतं, ते कमी खारट पाण्यात तगेना. होर्मुझच्या बाहेर पडताच हे शैवाल एकदम विरळ का होतं, याचं कोडंही त्यातून बरंचसं उलगडलं. प्रवाळांच्या बाजूने सामुद्रधुनीच्या अलीकडे-पलीकडे फारसा जनुकीय दुरावा त्या अभ्यासात दिसला नाही. शैवालांमध्ये मात्र तो ठळक होता.

मीठ आणि उष्णता यांचा संबंध कसा असावा, याचा एक धागा सौदी अरेबियातल्या थुवल इथल्या राजा अब्दुल्ला विद्यापीठातून आलेल्या कामात मिळतो. खारट पाण्यात पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जाऊ नये म्हणून शैवालं आत काही विरघळणारे पदार्थ साठवतात. त्यातला एक म्हणजे फ्लोरिडोसाइड, साखर आणि ग्लिसरॉल यांच्या जोडणीतून झालेला. क्षारता वाढवली की या शैवालांमध्ये त्याचं प्रमाण खूप वाढतं. आणि फ्लोरिडोसाइड ऑक्सिजनच्या त्याच घातक रूपांना निकामीही करतो, ज्यांच्यामुळे विरंजन सुरू होतं. एकाच पदार्थाने दोन संकटांचा बंदोबस्त. प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या एप्टेशिया या समुद्रफुलावरही जास्त क्षारतेत उष्णता जास्त सोसली जाते असं आढळलं आहे. आखातातल्या खडकावर सगळं नेमकं याच वाटेने होतं, असं मी म्हणणार नाही. पण मिठाची अट का पडत असावी, याचं हे मला पटणारं स्पष्टीकरण आहे.

श्रेय एकट्या शैवालाचंही नाही. प्लॅटिगायरा या प्रवाळाच्या पोहणाऱ्या अळ्यांमध्ये सुरुवातीला शैवाल नसतंच. ते त्या नंतर भोवतालच्या पाण्यातून मिळवतात. तरीही आखातातल्या प्रवाळांच्या अळ्या ओमानच्या बाजूच्या अळ्यांपेक्षा जास्त उष्णता सोसतात, हे एमिली हॉवेल्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं आहे. म्हणजे प्राणीसुद्धा आपल्या परीने बदललेला आहे. गंमत अशी की त्याच अभ्यासात तुलनेने थंड ओमानच्या बाजूच्या प्लॅटिगायरांमध्ये तो प्रसिद्ध डी वंश सापडला आणि गरम अबू धाबीत सी-३. ज्यांना मोजक्या शब्दांत नियम हवा असतो त्यांची इथे पंचाईत होते.

२०१७

आता या प्रकरणाची जी बाजू सांगताना मन जड होतं ती. आखातातली प्रवाळं अभेद्य नाहीत. १९९६ आणि १९९८ च्या उन्हाळ्यांत दक्षिण आखातातली फांद्या फुटणारी अॅक्रोपोरा जवळजवळ साफ झाली होती. त्यानंतर वस्ती सावरत होती, आणि मग २०१७ आलं.

उन्हाळ्यात वायव्येकडून वाहणारा ‘शमाल’ वारा या उथळ समुद्राला थोडाफार निववतो. वारा वाहिला की बाष्पीभवन होतं आणि पाण्यातली उष्णता निघून जाते. २०१७ मध्ये हा वारा ऐन उन्हाळ्यात मंदावला. तळाशी, प्रवाळांच्या पातळीवर, पाणी ३७.७ अंशांपर्यंत गेलं. एकदाच चढून उतरलं असतं तरी निभावलं असतं. पण आठवडेच्या आठवडे ते सहनशक्तीच्या पलीकडे राहिलं. बर्ट यांच्या गटाने अमिरातीच्या किनाऱ्यावर केलेल्या पाहणीत ९४ टक्के प्रवाळं पांढरी पडलेली आढळली. पुढच्या एप्रिलपर्यंत दोन तृतीयांश मेली आणि खडकावर जिवंत प्रवाळांचं आच्छादन सरासरी ७.५ टक्क्यांवर आलं.

थर्मोफिलम तेव्हाही त्यांच्या पेशींमध्ये होतंच. त्याने त्यांना इतरांपेक्षा तीन-चार अंश वर नेऊन ठेवलं होतं, पण तिथेच त्याची मर्यादा संपली. इतर समुद्रांतली प्रवाळं जशी आपल्या मर्यादेला एखाद्या अंशाने टेकून जगतात, तशीच ही आपल्या वरच्या मर्यादेला टेकून जगत होती. सहा हजार वर्षांत मिळवलेली ही ताकद आत्ताच्या तापमानवाढीच्या वेगापुढे पुरत नाही. हे मान्य करणं मला जड जातं, पण आकडे समोर आहेत.

त्यात माणसाने किनाऱ्यावर केलेली भर वेगळीच. समुद्रात भराव घालून बेटं उभारताना काही खडक कायमचे गाडले गेले. खारं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यांतून गरम, जास्त खारट पाणी परत याच उथळ समुद्रात येतं. सांडपाण्यातून नत्र वाढतं, आणि नत्र वाढून फॉस्फरस तितका मिळाला नाही तर शैवालं उष्णतेपुढे लवकर हात टेकतात, हेही वीडेनमान यांच्याच प्रयोगशाळेने २०१३ मध्ये दाखवलेलं आहे. वारा आणि ऊन आपल्या हातात नाही. सांडपाणी आणि भराव मात्र पूर्णपणे हातात आहे, आणि त्यावरच सगळ्यांत कमी बोललं जातं.

बाहेर काय नेता येईल

शैवाल जसंच्या तसं नेता येत नाही, पण प्राण्याचे गुण नेता येतील का, हे तपासण्याचं एक पाऊल पडलं आहे. हॉवेल्स यांच्या गटाने २०२१ मध्ये आखातातल्या आणि हिंदी महासागरातल्या प्लॅटिगायरांचा संकर केला. आखाती आईच्या संकरित अळ्या उष्णतेत कितीतरी जास्त संख्येने तगल्या. काही जोड्यांमध्ये हा फायदा ८४ टक्क्यांपर्यंत गेला. आशेला जागा आहे. पण अळी तगणं वेगळं आणि त्याच अळीचं वीस वर्षांचं पोवळं होऊन पावसाळे, वादळं, रोग यांतून टिकणं वेगळं. शिवाय परक्या समुद्रातला जीव आणून सोडायचा तर त्याच्यासोबत आणखी काय काय येईल, याची जबाबदारी कुणाची?

आपल्या मालवणचा विचार या जागी करायला हवा, कारण हे आखात ज्याला जाऊन मिळतं त्या अरबी समुद्राचाच तो किनारा आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात प्रवाळं आहेत, १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे, आणि तिथलं विरंजन गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी नोंदवलेलं आहे. आखातातलं शैवाल इथे आणून काम होईल अशी आशा मला वाटत नाही. कोकणात जूनपासून खाड्यांचं गोडं पाणी समुद्रात उतरतं, क्षारता खाली येते, पाणी गढूळ होतं. मिठावर विसंबून उष्णता सोसणाऱ्या जिवाला ही जागा मानवणार नाही.

आखाताच्या प्रकरणातून मालवणला खरोखर उचलता येण्यासारखी गोष्ट आहे ती तपासाची पद्धत. प्रवाळाच्या वेगवेगळ्या जातींमधून एकदा मे महिन्याच्या तापलेल्या पाण्यात आणि एकदा पावसाळा ओसरताना नमुने घ्यायचे. ठरावीक तुकड्याच्या वाचनावर न थांबता हरितलवकातल्या त्या बारीक फरक दाखवणाऱ्या भागापर्यंत जायचं. आणि यादी करताना शेकड्यात एखाद-दुसऱ्या पेशीइतकंच सापडलेलं शैवाल ‘नगण्य’ या रकान्यात टाकायचं नाही. गोडं पाणी आणि उष्णता दोन्ही सोसणारं काही तिथे असेल, तर ते आज विरळच असणार. ते ज्या पोवळ्यांच्या आत आहे ती नांगराखाली किंवा पर्यटकांच्या पायांखाली मोडू न देणं, हे काम मात्र त्या यादीची वाट न पाहता आजही करता येतं.